फिल्टर बदलताना व्हॉल्व्हकडेही लक्ष हवे

पुणे - उन्हाळा सुरू झाला, की शहरातील गृहसंकुलांच्या जलतरण तलावांवर गर्दी वाढते आणि नेमका त्याच वेळी जुना वाळूचा फिल्टर दगा देतो. सोसायटीच्या सभेत चर्चा रंगते ती नव्या फिल्टरच्या किमतीची. व्हॉल्व्ह आणि पाइपची निवड मात्र प्लंबरवर सोपविली जाते. पुढच्या अनेक तक्रारींचे मूळ तेथेच असते.

हिशेब अवघड नाही. पंधरा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात १ लाख ८ हजार लिटर पाणी मावते. ते सहा तासांत एकदा गाळायचे, तर ताशी १८ हजार लिटर पाणी पाइपमधून जायला हवे. ६३ मिलिमीटरच्या पाइपमध्ये त्याचा वेग सेकंदाला सुमारे दोन मीटर होतो. पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाइपमध्ये हा वेग दीड मीटरच्या आत असणे चांगले. ९० मिलिमीटरचा पाइप घेतल्यास वेग निम्म्यावर येतो आणि घर्षण सुमारे सहा पटींनी घटते. त्यामुळे जुनाच पाइप ठेवून केवळ मोठा पंप बसविणे म्हणजे विजेचे बिल वाढवून घेणे होय. त्यात धोकाही आहे. तळाच्या एकाच जाळीतून जोराने पाणी ओढले गेले, तर लहान मूल तेथे अडकू शकते. अमेरिकेत २००२ मध्ये सात वर्षांच्या मुलीचा असा मृत्यू झाल्यानंतर २००७ मध्ये जाळ्यांबाबत स्वतंत्र कायदा करण्यात आला. एकमेकींपासून दूर असलेल्या दोन जाळ्या हा त्यावरचा साधा उपाय आहे.

फिल्टरवर बहुधा 'मल्टिपोर्ट' व्हॉल्व्ह असतो. गाळणे, बॅकवॉश, वाळू खंगाळणे, पाणी बाहेर सोडणे, न गाळता फिरविणे आणि बंद ही सहाही कामे एकाच मुठीवर होतात. मात्र, आतील वळणांमुळे दाब काहीसा खर्ची पडतो. पंप चालू असताना मूठ फिरविल्यास आतील रबरी गॅस्केट खराब होते आणि पाणी गुपचूप गटारात वाहू लागते. पातळी घटते आणि संशय घेतला जातो तो फरशीवर! बाहेर जाणाऱ्या पाइपवर पारदर्शक तुकडा बसविल्यास ही गळती दिसते.

मोठ्या तलावांना चार-पाच बटरफ्लाय व्हॉल्व्हची जोडणी सोयीची. तिच्यात अडथळा कमी, पण कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे जाणणारा माणूस हवा. पंप चालविण्याचे काम वॉचमनकडेच असेल, तर मल्टिपोर्टच बरा.

खरेदीत मापांचा घोळ टाळावा. बाजारात 'दोन इंची' म्हणून ६३ मिलिमीटर आणि ६०.३ मिलिमीटर अशा दोन्ही बाह्य व्यासांचे पाइप मिळतात. ती फट सोल्युशनने भरून निघत नाही. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना युनियन असावेत. पंपघर तळमजल्याखाली असल्यास जाता-येता दोन्ही पाइपवर बंद करण्याचे व्हॉल्व्ह हवेतच, अन्यथा किरकोळ दुरुस्तीसाठीही तलाव रिकामा करावा लागतो.

टँकरवर अवलंबून असलेल्या उपनगरांत पाण्याचा प्रश्न अधिक मोठा आहे. वरील तलावात पाच मिनिटांच्या एका बॅकवॉशला सुमारे दीड हजार लिटर पाणी जाते. म्हणून तो ठरावीक वारी न करता, दाबमापकाचा काटा स्वच्छ फिल्टरच्या नोंदीपेक्षा साधारण अर्धा किलो वर गेल्यावरच करावा. ती पहिली नोंद नवा फिल्टर सुरू होईल त्या दिवशीच पंपघराच्या भिंतीवर लिहून ठेवावी.