विद्युत् मोटारगाडीतील संचायक घट

विद्युत् मोटारगाडीच्या चलित्रास लागणारी ऊर्जा रासायनिक रूपात साठविणाऱ्या आणि पुनःपुन्हा विद्युत् भारित करता येणाऱ्या घटास संचायक घट म्हणतात. एका घटाचा विद्युत् दाब १ ते ४ व्होल्टांच्या दरम्यान असल्याने असे अनेक घट एकसरीत जोडून घटमाला तयार करतात. प्रत्येक घटात धन व ऋण अशी दोन विद्युत् अग्रे आणि त्यांमध्ये आयनांची ने-आण करणारा विद्युत् विच्छेद्य पदार्थ असतो.

घराच्या कोपऱ्यात ठेवावयाच्या घटमालेचे वजन फारसे महत्त्वाचे नसते. मोटारगाडीचे तसे नाही. गाडीला आपली घटमाला स्वतःच वाहून न्यावी लागते. म्हणून दर किग्रॅ. वजनामागे साठणारी ऊर्जा हाच येथे निवडीचा पहिला निकष ठरतो. लहान मोटारगाडीला दर किमी.ला सुमारे १५० वॉट-तास ऊर्जा लागते असे धरल्यास २०० किमी.च्या प्रवासासाठी ३० किलोवॉट-तास साठा हवा. शिसे-अम्ल घटांत तो साठविण्यास साडेआठशे किग्रॅ. घट लागतील, म्हणजे जवळजवळ दुसऱ्या लहान गाडीएवढे ओझे. लिथियम-आयन घटांत हेच काम दोनशे किग्रॅ.च्या आत भागते.

शिसे-अम्ल घट गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८५९ मध्ये तयार केला. यात धन अग्र लेड डाय-ऑक्साइडाचे, ऋण अग्र सच्छिद्र शिशाचे आणि विद्युत् विच्छेद्य विरल सल्फ्यूरिक अम्लाचे असते. प्रवाह देताना दोन्ही अग्रांवर लेड सल्फेट तयार होते. घट दीर्घकाळ रिकामा राहिल्यास या सल्फेटाचे कठीण स्फटिक बनतात व घट निकामी होतो. कामीय झेनाट्झी या बेल्जियन चालकाने १८९९ मध्ये याच घटांवर चालणारी गाडी ताशी १०० किमी.हून अधिक वेगाने हाकली. रस्त्यावरील वाहनाने ही मर्यादा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. त्या गाडीच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘कधीही समाधान न पावणारी’ असा होतो, आणि पुढील शंभर वर्षांतील घटांच्या संशोधकांनाही तो लागू पडावा. बंगलोर येथे २००१ मध्ये विक्रीस आलेली ‘रेवा’ ही छोटी गाडीही प्रथम शिसे-अम्ल घटांवरच चालत असे.

निकेल वापरणारे घट हा मधला टप्पा होय. टॉमस एडिसन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निकेल-लोह घट मोटारगाड्यांसाठी विकसित केला. तो अत्यंत टिकाऊ, पण महाग होता आणि थंडीत मंदावत असे. १९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘प्रियस’ या पेट्रोल व वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाडीत निकेल-धातू हायड्राइड घट होते. त्यांची ऊर्जा-घनता शिसे-अम्ल घटाच्या साधारण दुप्पट असते. पूर्ण विद्युत् गाडीला मात्र तीही अपुरी पडली.

लिथियमाचा अणुभार सुमारे ७ आणि शिशाचा २०७, एवढ्यावरूनच पुढचा बदल कळून येतो. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० नंतरच्या दशकात लिथियम धातूचे ऋण अग्र वापरून पाहिले. परंतु विद्युत् भारित करताना धातूच्या सुईसारख्या शाखा वाढून दोन्ही अग्रे जोडली जात व घट पेटण्याचा धोका उद्भवे. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइडाचे धन अग्र सुचविले आणि आकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये धातूऐवजी कार्बनी द्रव्य योजून धोका बराच कमी केला. १९९१ मध्ये हे घट बाजारात आले. तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घटात लिथियम आयन ग्रॅफाइटाच्या थरांतून ऑक्साइडाच्या थरांत आणि उलट असे ये-जा करतात. अग्रांची मूळ चौकट बव्हंशी तशीच राहते. लिथियमाची पाण्याशी विक्रिया होत असल्याने विद्युत् विच्छेद्य म्हणून कार्बनी द्रव वापरावा लागतो, आणि तो ज्वालाग्राही असतो.

मोटारगाडीतील लिथियम-आयन घटांचे प्रकार मुख्यतः धन अग्रावरून ओळखले जातात. निकेल, मँगॅनीज व कोबाल्ट यांच्या मिश्र ऑक्साइडाच्या घटांत दर किग्रॅ.ला २०० ते २७० वॉट-तास ऊर्जा साठते. मात्र फार तापल्यास या ऑक्साइडातून ऑक्सिजन सुटतो. अशा आगीला बाहेरच्या हवेची पूर्णतः गरज उरत नाही, त्यामुळे ती विझविणे कठीण जाते. शिवाय कोबाल्ट बहुतांशी काँगोच्या खाणींतून येते आणि तेथील हाताने चालणाऱ्या खाणकामात बालकांचे श्रम वापरले जात असल्याचे आढळले आहे.

लोह फॉस्फेटाच्या घटात फॉस्फरस व ऑक्सिजन यांचा बंध बळकट असल्याने ऑक्सिजन सहसा सुटत नाही. हे द्रव्य गुडइनफ आणि अक्षय पाढी यांच्या टेक्सस विद्यापीठातील गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात कोबाल्ट व निकेल नाही. घट स्वस्त असतो व हजारो वेळा भारित होऊ शकतो. ऊर्जा-घनता कमी, दर किग्रॅ.ला साधारण १६० वॉट-तास, हा त्याचा मुख्य दोष. उन्हाळ्यात ४५° से. पर्यंत तापणाऱ्या प्रदेशात मात्र थोडे जास्त वजन पत्करून हा घट निवडणे प्रस्तुत लेखकास अधिक सयुक्तिक वाटते. २०२४ मध्ये जगातील विद्युत् मोटारगाड्यांच्या एकूण घटक्षमतेचा जवळजवळ निम्मा वाटा याच प्रकाराचा होता.

प्रकार कोणताही असला, तरी उष्णतेने विद्युत् विच्छेद्याचे अपघटन वाढते. ०° से. खाली घाईने भारित केल्यास ग्रॅफाइटावर लिथियम धातू साचतो. म्हणून घटमालेत तापमान व प्रत्येक घटाचा दाब तपासणारी इलेक्ट्रॉनीय यंत्रणा बसवितात. मिश्र ऑक्साइडाची घटमाला रोजच्या वापरात ८० टक्क्यांपर्यंतच भारित करणे हितकर असते. लोह फॉस्फेटाची घटमाला मात्र अधूनमधून पूर्ण भरावी लागते, कारण बराच काळ तिचा दाब जवळजवळ स्थिर राहतो आणि केवळ दाबावरून उरलेला साठा ओळखता येत नाही.

लिथियमाऐवजी सोडियम वापरणारे घट बसविलेल्या काही लहान गाड्या २०२४ च्या सुमारास चीनमध्ये रस्त्यावर आल्या. सोडियम मिठापासून मुबलक मिळते. परंतु त्याचा अणुभार २३ असल्याने वजनाची जुनी अडचण येथे पुन्हा डोके वर काढते.