बंद पडलेल्या रेल्वेलाईनवर उभा राहिलेला बाजार

व्यापारी बंधूंनो, सायकल म्हटली की आपल्याला दूधवाला, पाववाला नाहीतर पाळीवर जाणारा कामगार आठवतो. आमचे अब्बा सायकलच्या कॅरिअरला थानांचे गाठोडे बांधून आठवडे बाजार करीत. हाती चार पैसे आले की माणूस आधी सायकल सोडतो, ही आपल्याकडची रीत. अमेरिकेत चांगली मिळवती माणसे सुट्टी काढून आठ-आठ दिवस खडीच्या रस्त्यावर सायकल चालवतात आणि त्यांच्या येण्याने लहान गावांतली दुकाने चालतात, असे भाच्याने सांगितले तेव्हा आम्ही हसलो होतो. पुढे त्याच्याकडे पिट्सबर्गला जाणे झाले. त्याने मोटारीने यातली चार-पाच गावे दाखवली, तेव्हा हसणे थांबले. बायपास झाल्यापासून आमच्या बाजारात दुपारी माशा मारायची वेळ आली आहे. असे ज्यांचे झाले आहे त्यांनी हा हिशेब जरूर वाचावा.

दोन रस्ते, एक वाट

पिट्सबर्गहून वॉशिंग्टनपर्यंत ही सायकलची वाट सुमारे ५४० किलोमीटर आहे. मोटारींना तिच्यावर बंदी आहे. वाटेचे दोन भाग आहेत. पहिला भाग पिट्सबर्ग ते कंबरलँड, २४० किलोमीटर. त्याला ग्रेट अलेगनी पॅसेज म्हणतात. ही जुन्या रेल्वेची जागा आहे. मोनोंगहेला, यॉकिगेनी आणि कॅसलमन या नद्यांच्या काठाने ती डोंगरात चढते. दुसरा भाग कंबरलँड ते वॉशिंग्टनचे जॉर्जटाऊन, २९७ किलोमीटर. तो पोटोमॅक नदीकाठच्या जुन्या कालव्याचा बांध आहे. याच बांधावरून खेचरे दोराने कोळशाच्या नावा ओढीत.

या कालव्याची हकीकत व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ४ जुलै १८२८ रोजी कालव्याचे काम सुरू झाले आणि त्याच दिवशी बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचेही. दोघांनाही पश्चिमेचा माल हवा होता. रेल्वे १८४२ साली कंबरलँडला पोचली. कालव्याच्या कंपनीचे भांडवल मात्र वाटेत वारंवार आटले. पॉ पॉ येथला ९५० मीटरचा एक बोगदा दोन वर्षांत व्हायचा, त्याला चौदा वर्षे लागली. कालवा १८५० साली कंबरलँडला आला आणि तेथेच थांबला. १८८९ च्या महापुराने कंपनी बुडवली, १९२४ च्या पुराने वाहतूक कायमची बंद केली. सरकारने १९३८ साली जागा विकत घेतली. पुढे तेथे मोटाररस्ता करायचे ठरत होते. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी, रस्त्याची बाजू घेणाऱ्या वृत्तपत्राच्या संपादकांना आपल्याबरोबर पायी चालायला बोलावले आणि स्वतः सगळा बांध चालून गेले. १९७१ साली ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाली.

रेल्वेचीही तीच गत झाली. वेस्टर्न मेरिलँड रेल्वेने कंबरलँड ते कॉनेल्सव्हिल लाईन १९१२ साली सुरू केली आणि १९७५ साली टाकून दिली. ओहायोपाइल गावाजवळ १९८६ साली त्या जागेवर पहिला तुकडा सायकलसाठी खुला झाला. शेवटचा तुकडा पिट्सबर्गमध्ये २०१३ साली जोडला गेला. म्हणजे २७ वर्षे लागली. एका पंचवार्षिकात होणारे हे काम नव्हे.

खडीच का?

डांबराऐवजी येथे चुनखडीची बारीक खडी आणि कच अंथरून रोलरने दाबतात. ओल मिळाली की कच खडीला धरून ठेवते आणि आपल्या मुरमासारखा घट्ट थर बसतो. पावसाचे पाणी थोडे मुरते, थोडे बाजूला निघून जाते. खड्डा पडला तर पाटीभर कच टाकून भरता येतो. सायकलीला मात्र थोडा रुंद टायर लागतो आणि त्यात हवाही कमी ठेवतात.

दुसरे कारण चढाचे. कोळशाच्या गाडीला उभा चढ चालत नाही, म्हणून रेल्वेने पूल आणि बोगदे बांधून चढ बेताचा ठेवला. कंबरलँडपासून खिंडीपर्यंत ३८ किलोमीटरांत सुमारे ५३० मीटर चढ आहे, म्हणजे शंभर मीटरला दीड मीटरच्या आसपास. त्यामुळे साठीचा माणूसही ही वाट करतो. बिग सॅव्हेज हा सुमारे एक किलोमीटरचा बोगदा मात्र हिवाळ्यात दारे लावून बंद ठेवतात. धंदा हंगामी आहे, हे तेथला दुकानदार धरूनच चालतो.

गिऱ्हाईक थांबते कशाला?

येथे तिजारतीचा मुद्दा येतो. मोटारवाला तासाला शंभर किलोमीटर जातो, त्याला मधले गाव दिसतही नाही. सायकलवाला दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर करतो. त्याला दोन वेळा पोटभर जेवण, पाणी, रात्रीचा मुक्काम, कपडे धुण्याची सोय, पंक्चर काढणारा, सगळे लागते. आणि तो ओझे वाहत नाही, म्हणून रोज नव्याने विकत घेतो.

कॉनेल्सव्हिल हे एके काळी कोळशापासून कोक करण्याच्या भट्ट्यांचे मोठे ठिकाण होते. भट्ट्या गेल्या, रेल्वे गेली, गाव ओस पडू लागले. रॉकवुड, मायर्सडेल, फ्रॉस्टबर्ग यांनाही कोळसा आणि रेल्वे उतरल्याची झळ लागली. नुसती वाट गावाजवळून गेली म्हणून गल्ल्यात पैसे येत नाहीत, हे या मंडळींना लवकर कळले. बाजारपेठ वाटेपासून अर्धा मैल दूर असेल आणि पाटी नसेल तर सायकलवाला तसाच पुढे जातो. २००७ साली लहान धंद्यांना कर्ज देणाऱ्या एका संस्थेने 'ट्रेल टाऊन' नावाचे काम हाती घेतले. गावोगाव फिरून त्यांनी साधे प्रश्न विचारले. वाटेवरून बाजार कळतो का? सायकल उभी करायला जागा आहे का? प्यायचे पाणी, स्वच्छतागृह? शनिवार-रविवारी दुकान उघडे असते का? २०१९ सालच्या प्रवाशांवर झालेल्या एका पाहणीत, नुसत्या पहिल्या भागाच्या पर्यटनाने त्या वर्षी १२ कोटी डॉलरहून अधिक उलाढाल झाली असे दिसले. गेलेल्या भट्ट्या परत आल्या नाहीत, पण बंद दारे काही उघडली.

कापडवाल्याची नजर

आम्ही त्यांचे कपडे चाचपून पाहिले. सुती कापड घाम पिते आणि वाळत नाही, म्हणून पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर. चड्डीला आतून गादीचे अस्तर, खिसे पाठीला. शिवण चपटी, कारण जाड शिवण अंगाला घासली तर दोन तासांत कातडी सोलते. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पिशव्या जाड, पाणी न शिरणाऱ्या कापडाच्या. यातले कोणतेही काम आपल्या कारागिराच्या हाताबाहेरचे नाही. हुन्नर आहे, माप आणि सफाई शिकायला हवी.

आपल्याकडे अशी वाट उद्या होईल असे आम्ही म्हणत नाही. पण बायपासला दोष देत आम्ही दहा वर्षे बसलो, आणि या काळात आमच्या बाजारात परगावच्या बाईला जाण्याजोगे एक स्वच्छतागृह झाले नाही, पिण्याच्या पाण्याची टाकी झाली नाही. हमरस्त्यावर बाजाराची पाटी नाही. या तीन गोष्टींना कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही. येत्या बैठकीत आम्ही वर्गणीची वही याच कामासाठी ठेवणार आहोत, आणि पहिली रक्कम आमच्या पेढीची असेल. दुसऱ्या गावच्या बंधूंनी आपापल्या बाजारात उभे राहून, परगावचा माणूस काय शोधील, हे एकदा पाहावे.