सायलेन्सरमधली माती आणि आपली रोजी

फजरच्या नमाजनंतर मिरजेतल्या आमच्या गल्लीत पहिला आवाज होतो तो आमच्या पिकअपचा. पेट्रोलवर चालणारी, २०१७ ची छोटी गाडी. माझे पती तिच्यात भाजीपाला भरून रत्नागिरीला नेतात आणि परतीला नारळ घेऊन येतात. पाच माणसांचे घर या गाडीवर चालते. खर्चाची वही मी लिहिते, म्हणून गाडीचे दुखणे मला आधी वहीत दिसले. गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर पेट्रोलचा आकडा दर आठवड्याला वाढू लागला. फेऱ्या मात्र तेवढ्याच होत्या.

मग एक दिवस हे उशिरा घरी आले. म्हणाले, "साखरप्यावरून आंबा घाट चढताना गाडीने दम सोडला. एक्सलेटर दाबला तरी ओढत नाही, जणू कुणी मागून धरून ठेवलंय." डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. गाडीखालून खडखड आवाज येत होता आणि धुराला सडक्या अंड्यासारखा वास होता.

नेहमीच्या गॅरेजात दाखवले. मिस्त्रींनी खालून हाताने ठोकून पाहिले आणि निकाल दिला, "भाई, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय. नवा टाकायची गरज नाही. आतली माती काढून टाकतो, डबा परत वेल्ड करतो. बाहेरून कुणाला कळणार नाही. गाडी पळेल. पीयूसीचं मी बघतो." मजुरी अगदी थोडी सांगितली. नव्या भागाची किंमत मात्र आमच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त होती.

खरे सांगायचे तर आम्ही दोघेही त्या रात्री मातीच काढायची, असे जवळजवळ ठरवून बसलो होतो. मुलांची फी भरायची होती. पण माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अब्बा म्हणतो, त्यांनी विचारले, "ही माती म्हणजे काय, ते तरी आधी समजून घ्या." म्हणून आम्ही चौकशी केली. तीच माहिती या लेखात देत आहे, कारण आपल्या समाजात टेम्पो, पिकअप, व्हॅन यांवर पोट असलेली घरे खूप आहेत.

त्या डब्यात असते काय?

इंजिनातून निघालेला धूर सायलेन्सरकडे जाताना वाटेत एका पोलादी डब्यातून जातो. हा डबा म्हणजे कन्व्हर्टर. त्याच्या आत चिनीमातीसारख्या पदार्थाची, मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक भोके असलेली वीट असते. त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. वीट फुटली की तिचा चुरा होतो, म्हणून गॅरेजवाले तिला 'माती' म्हणतात.

ही माती तीन कामे करते. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करते. न जळालेल्या पेट्रोलच्या वाफा जाळून त्यांचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करते. नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडमधून साधा नायट्रोजन वेगळा करते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून बंद जागेत तो जीव घेतो.

आपल्या देशात १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला. त्यासोबतच तिथे शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिशाने हा धातूंचा थर निकामी होतो. २००० साली शिसे असलेले पेट्रोल देशभर बंद झाले.

आम्हाला अब्बांकडे पाहून धडकी भरली. त्यांना दमा आहे. फजरनंतर ते तसबीह घेऊन ओट्यावर बसतात आणि गाडी त्यांच्यापासून चार हातांवर दहा-दहा मिनिटे गरम होत उभी असते.

कन्व्हर्टर आपोआप मरत नाही

आम्ही दुसऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ठोकून पाहिले नाही. गाडीच्या सॉकेटला स्कॅनर जोडला. दोन बिघाड निघाले. एक, कन्व्हर्टरची क्षमता कमी झाली आहे. दुसरा, इंजिनचा तिसरा सिलेंडर मिसिंग करतो आहे. मग त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक गाडीमालकाने लक्षात ठेवावे : "कन्व्हर्टर हा रोग नाही, रोगाचा परिणाम आहे. मूळ कारण न शोधता नवा बसवला तर तोही काही महिन्यांत जाईल."

आमच्या गाडीचा एक इग्निशन कॉइल कमजोर झाला होता. त्या सिलेंडरमध्ये ठिणगी नीट पडत नव्हती. न जळालेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटत होते आणि त्या उष्णतेने आतली वीट वितळून भोके बुजली होती. धुराला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून घाटात दम जात होता. हे ऐकून यांनी मान खाली घातली. इंजिन अडखळते हे त्यांना चार महिन्यांपासून ठाऊक होते. "पुढच्या महिन्यात बघू," असे आम्ही दोघेही म्हणत राहिलो. कॉइलचा थोडा खर्च वाचवला आणि मोठा ओढवून घेतला.

इतर कारणेही असतात. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त धातूंच्या थरावर बसतात. हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल तर तोही थर खराब करतो. चुकीच्या जागी लावलेला सिलिकॉनचा गॅस्केट मसालाही घात करतो. खड्ड्यात किंवा दगडावर डबा आपटला तर वीट तडकते.

बदलण्याआधी काय तपासून घ्यावे?

पहिले, स्कॅनरची तपासणी. कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतील तर त्यांची तुलना करायला सांगा. पुढच्या सेन्सरचा आकडा सतत वरखाली होतो. डबा चांगला असेल तर मागचा बराचसा स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला तर डबा थकला.

दुसरे, पाइपला कुठे भोक किंवा सैल जोड आहे का ते पाहा. बाहेरची हवा आत शिरली तर सेन्सर चुकीचे सांगतो आणि चांगला डबा बदलला जातो.

तिसरे, धुराचा उलटा दाब. पुढचा सेन्सर काढून त्या जागी दाबाचा गेज लावतात. दाब प्रमाणाबाहेर असेल तर वीट बुजली आहे, ही खात्री होते.

चौथे, प्लग, कॉइल, इंजेक्टर आणि ऑइलची पातळी. यातला दोष आधी दुरुस्त करा, नवा डबा मग.

बसवताना

हे काम घरी जॅकवर गाडी उचलून करू नये. रॅम्पवर, गाडी पूर्ण थंड झाल्यावर करावे, कारण चालत्या गाडीत डबा कित्येक शे अंश तापतो. जुने नट गंजलेले असतात. आमच्या मिस्त्रींनी आदल्या संध्याकाळीच त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले, तरी एक स्टड तुटलाच. गॅस्केट आणि नट नवे घ्या. डब्यावर बाणाची खूण असेल तर बाण धुराच्या दिशेने, म्हणजे मागच्या बाजूला असावा. उष्णता अडवणारा पत्रा परत बसवायला लावा. तो नसेल तर सुक्या गवतावर किंवा पेंढ्यावर गाडी उभी केल्यास आग लागू शकते. शेवटी जुने बिघाड स्कॅनरमधून पुसून, चढावर गाडी चालवून पुन्हा तपासा.

नवा भाग घेताना गाडीचे इंजिन आणि ती भारत स्टेजच्या कोणत्या टप्प्याची आहे, हे दोन्ही सांगा. आमची भारत स्टेज ४ ची आहे. फार स्वस्त मिळणाऱ्या डब्यात धातूंचा थर नावापुरता असतो. पक्के बिल आणि वॉरंटी लिहून घ्या.

ही सगळी माहिती पेट्रोल गाडीची आहे. सीएनजीची तत्त्वे बहुतांशी तीच. डिझेल पिकअपची यंत्रणा वेगळी असते, त्यासाठी डिझेलच्या जाणकारालाच विचारावे.

जुनी माती कुणाची?

जुना डबा मालकाचा असतो. इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या याच मातीसाठी. त्यातले धातू पुन्हा काढता येतात. "माती फुकट काढून देतो," असे कुणी म्हणाले तर ती कुठे जाणार आहे, हे विचारायला लाजू नका. आम्ही जुना डबा परत मागितला आणि बिल देणाऱ्या भंगार व्यापाऱ्याला विकला. आलेले पैसे खर्चातून वजा झाले. उरलेल्या रकमेसाठी व्याजाचे कर्ज घ्यायचे नव्हते. गल्लीतल्या बायकांच्या भिशीत माझा नंबर तीन महिन्यांनी होता. शेजारच्या खालांनी आपला नंबर मला दिला आणि माझा स्वतःकडे घेतला. अल्लाह त्यांना याचे चांगले फळ देवो.

बाहेरून सुके, आतून ओले

मातीवाल्या सल्ल्याविषयी अब्बांनी त्या रात्री एक गोष्ट सांगितली होती. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर प्रेषितांनी विचारले की भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावले. अब्बा म्हणाले, "बेटा, आत काही नसलेला डबा वेल्ड करून फिरवणं आणि त्यावर पीयूसीचा कागद मिळवणं, हा तोच ढीग आहे. फरक एवढाच की इथं गिऱ्हाईक नाही, रस्त्यावरचा प्रत्येक माणूस फसतो."

कायद्याचीही बाजू आहे. भारत स्टेज ४ च्या पेट्रोल गाडीच्या धुरात आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. लायसन्सही तीन महिन्यांसाठी जाऊ शकते. पण पोलीस पाहत नसतानाही जो हिशेब चालू असतो, त्याची आठवण आपल्याला जास्त हवी.

आता गाडी घाट चढते. वहीतला पेट्रोलचा आकडा पूर्वीच्या जागी आला आहे. इंजिन जरा अडखळले की हे त्याच आठवड्यात मिस्त्रींकडे जातात. त्या खर्चासाठी मी दर फेरीतून थोडे पैसे वेगळ्या डब्यात टाकते.

आणखी एक सवय बदलली. कन्व्हर्टर सुमारे तीनशे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणजे चांगल्या गाडीचाही पहिल्या काही मिनिटांचा धूर विषारीच असतो. म्हणून आता हे गाडी दारात गरम करत ठेवत नाहीत. माल आदल्या रात्री भरून ठेवतात, बिस्मिल्लाह म्हणून चावी फिरवतात आणि अर्ध्या मिनिटात हळूहळू गल्लीबाहेर पडतात. अब्बा ओट्यावरून हात वर करून दुआ देतात.

आपल्या घरातही अशी गाडी असेल तर तिचा पिवळा दिवा आज पाहून घ्या. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्यामुळे कुणाला इजा होण्यापासून आपल्याला वाचवो. आमीन.