काठीला जोडीदार हवा

२०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोव्यात सदतिसावी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाली. तिथे आपला मल्लखांब होता, केरळचा कळरीपयट्टू होता, पंजाबचा गतका होता. इतकेच काय, थेट इंडोनेशियाहून आलेला पेन्चाक सिलाटसुद्धा होता. गतक्याच्या लढतीत एका हातात काठी, दुसऱ्या हातात छोटी गोल ढाल आणि समोर तशीच काठी घेतलेला माणूस असतो. त्या ढालीला पंजाबातही फरीच म्हणतात. महाराष्ट्रातल्या तालमींमध्ये एके काळी हाच खेळ फरी-गदगा म्हणून खेळला जात असे. गोव्यात पदके मिळाली ती गतक्याला.

गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली काठी. तलवारीचा हात बसावा, समोरच्याचा वार ओळखता यावा आणि तरी कुणाचे मनगट तुटू नये, यासाठीची ही सोय. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. लाठी, लेझीम, दांडपट्टा, बोथाटी यांच्या बरोबरीने फरी-गदग्यालाही त्या कामात जागा आहे. पुढे यातल्या काहींना मिरवणुकीत जागा मिळाली, शाळेच्या मैदानावर मिळाली. फरी-गदग्याला कुठेच मिळाली नाही. असे का झाले याचे उत्तर शोधायला सोलापूरइतके चांगले शहर मला दुसरे दिसत नाही.

कारण सोलापूर तालमींचे गाव आहे. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे इथे पत्ता सांगतानाही कामाला येतात. १८७७ साली इथे कापडाची पहिली मोठी गिरणी उभी राहिली, तीच पुढे ‘जुनी मिल’. तिच्या मागोमाग आणखी गिरण्या आल्या, माग आले आणि त्यांच्याबरोबर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे कामगार आले. पाळी सुटल्यावर अंग मोकळे करायची जागा म्हणजे तालीम. पुढे गिरण्या बंद पडल्या. तालमी उरल्या, पण त्यांची नावे आता मातीपेक्षा मंडपावर जास्त दिसतात. गणेशोत्सव, शिवजयंती, आंबेडकर जयंती हे त्यांचे खरे हंगाम.

या हंगामात सोलापूरची लेझीम पाहावी. उत्सवाच्या आधीपासून संध्याकाळी गल्लीत सराव सुरू होतो. मिरवणुकीत रांगाच्या रांगा एका ठेक्यावर वाकतात, बसतात, वळतात. घरी चार वेगळ्या भाषा बोलणाऱ्यांना इशारा एकच कळतो, तो वाद्याचा. या लेझमीचे मूळ रणातले आहे. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले धनुष्य ओढून तिरंदाज आपले दंड आणि खांदे तयार करत. त्या जड धनुष्याची हलकी, छमछमणारी लाकडी दांडी झाली आणि तिरंदाजी गेली तरी व्यायाम राहिला. शस्त्र गळून पडले आणि ताल उरला, असा हा प्रवास. एरवी याला ऱ्हास म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. जी गोष्ट वापराविना मेली असती, ती इथे शेकडो पायांत जिवंत आहे.

त्याहून थोर उदाहरण जानेवारीत दिसते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, मानाचे सात नंदीध्वज निघतात. सोलापूरकर त्यांना सरळ ‘काठ्या’ म्हणतात. हे उंच, जड दंड उभे तोलत ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला न्यायचे, पुढे संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम. काठी कलली तर लाजेपेक्षा मोठी गोष्ट घडते, त्यामुळे सराव आधीपासून चालतो आणि नव्या पोराच्या हाती ती सहजासहजी येत नाही. कंबर, पोटऱ्या, श्वास आणि नजर यांची इतकी कसून तयारी करून घेणारी दुसरी ‘युद्धकला’ या जिल्ह्यात मला दाखवा. फक्त इथे समोर शत्रू नाही. आहे ते दंडाचे वजन आणि गर्दी.

म्हणजे सोलापुरात काठी मेली नाही. तिला मिरवणूक मिळाली, देव मिळाला. मिळाला नाही तो जोडीदार.

इथे फिलिपिन्सची गोष्ट सांगायला हवी. काठीच्या खेळाने जगात कुठे कमाई केली असेल तर ती तिथे. आर्निस, एस्क्रिमा, काली अशी त्याची तीन नावे. साधारण अठ्ठावीस इंचांची वेताची काठी, कधी एक, कधी दोन. दोन काठ्यांच्या ‘सिनावली’ या सरावात वार एकमेकांतून असे जातात की सोलापूरच्या विणकराला त्यातला ताणा-बाणा वेगळा समजावून द्यावा लागू नये. तिथेही दंतकथा भरपूर आहेत. २७ एप्रिल १५२१ रोजी मॅक्टन बेटावर तिथला सरदार लापुलापू याच्या माणसांनी दर्यावर्दी मॅगेलनला मारले, ती याच कलेची करामत, असे अभिमानाने सांगतात. स्पॅनिशांनी कलेवर बंदी घातली म्हणून ती नाटकांत आणि नाचांत लपली, असेही सांगतात; त्याला कागदोपत्री आधार मात्र तुटपुंजा आहे. आपल्याकडे ‘शिवकालीन’ हे विशेषण ज्या सढळ हाताने लावतात, त्याचीच ही फिलिपिनो बहीण. यात मला फारसा रस नाही. विसाव्या शतकात काय घडले, ते पाहण्यासारखे आहे.

सेबू शहरात १९३२ साली ‘दोसे पारेस’ हा संघ निघाला. १९५२ मध्ये वेनान्सियो बाकोन यांनी त्याच शहरात ‘बालिंतावाक’ ही वेगळी वाट काढली. एका शहरात दोन घराणी, आणि दोघांत कोण वरचढ याचा वाद. वाद होता म्हणून लढती होत, लढती होत म्हणून जे चालत नाही ते गळून पडे. तिकडे अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनच्या शेतांवर राबणारे फिलिपिनो मजूर ही विद्या आपसांत जपून होते. परक्याला ती दाखवायची नाही असा दंडक. तो १९६६ मध्ये एंजल काबालेस यांनी मोडला आणि उघडपणे शाळा काढली. त्याच गावचे डॅन इनोसान्टो हे ब्रूस लीचे सहकारी. १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये ब्रूस लीच्या हातात दोन काठ्या दिसल्या, त्यानंतर हॉलिवूडला ही कला सोडवेना.

पण माझ्या मते सर्वात मोलाचे काम आर्निसचे शिक्षक रेमी प्रेसास यांचे. जुन्या पद्धतीत वार समोरच्याच्या हातावर करायचा असे. बोटे सुजत, पोरे तालीम सोडून जात. प्रेसास यांनी सरावात काठीवर काठी मारायला लावली. बदल एवढासाच, पण पोरे टिकली. जोडीदार कायम ठेवून त्याचे हाड वाचवायचे, हीच तर गदग्यावर चामडे चढवणाऱ्यांची युक्ती होती. पुढे ११ डिसेंबर २००९ रोजी फिलिपिन्सने कायदा करून आर्निसला राष्ट्रीय खेळ आणि राष्ट्रीय युद्धकला ठरवले. २०१९ मध्ये फिलिपिन्समध्येच आग्नेय आशियाई स्पर्धा भरल्या तेव्हा त्यात आर्निसची पदकेही होती.

आता आपल्या रस्त्यावरचे मर्दानी खेळ आठवा. कोल्हापूरने ते जिद्दीने टिकवले, सोलापूरच्या शिवजयंतीतही काठी फिरवणाऱ्या मुली दिसतात आणि त्या पाहताना ऊर भरून येतो, हे खोटे कशाला सांगू. पण पुन्हा पाहिले की ध्यानात येते, की दांडपट्ट्याने लिंबू कापतात आणि लिंबू उलटा वार करत नाही. बनेटीची पेटती चक्रे अंधाराशी झुंजतात. दोघे समोरासमोर आले तरी कोणता वार कधी येणार हे दोघांना पाठ असते. फिरवण्याचे कसब अप्रतिम, पण चूक झाली तर शिक्षा देणारे समोर कुणी नाही. मग वस्तादाचे वय झाले की आधी काय विसरले जाते? डाव. पवित्रे राहतात, कारण ते दिसतात. डाव दिसत नाहीत, ते अंगावर घ्यावे लागतात.

२०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्र सरकारने दांडपट्टा हे राज्यशस्त्र जाहीर केले. आनंदच आहे. पण गौरव झाला तो पोलादाच्या पात्याचा. ते हातात घेऊन दोघांनी कोणत्या नियमांनी समोरासमोर यायचे, हा प्रश्न त्या घोषणेच्या बाहेर राहिला. याउलट मल्लखांब बघा. तिथे माणूस समोर नाही, पण गुण आहेत, पंच आहेत. १९६२ पासून राष्ट्रीय स्पर्धा आहेत, २०१९ मध्ये मुंबईत जागतिक स्पर्धाही झाली. कुस्तीला तर १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची गदा आहे, आणि गावोगावच्या जत्रांतले इनाम त्याआधीपासूनचे. या दोहोंत हरण्याची सोय आहे. लाठीला आपण ती ठेवली नाही. तिला थेट हार घालून मिरवणुकीत बसवले.

मिरवणुकीचा आसराही आता पक्का राहिलेला नाही. डीजेच्या भिंतीपुढे हलगी ऐकू येत नाही, आणि ठेका ऐकू आला नाही तर लेझमीची रांग मोडते. २०२५ च्या गणेशोत्सवाआधी सोलापुरात डीजेविरोधी मोहिमेने जोर धरला, ती मुख्यतः कानांच्या आणि हृदयाच्या काळजीपोटी. लेझीम पथकांचा त्यात फायदा झाला तर तो आडून झालेला.

खेळ करायचा म्हणजे काही गमवावेही लागते, हे झाकायचे कारण नाही. हेल्मेट, अंगावर गाद्या आणि गुण मोजणारे पंच आले की वार झटपट आणि वरवरचे होतात, अशी आर्निसच्या जुन्या जाणकारांची तक्रार आहे. गतक्यातही धर्मभावनेने शस्त्र धरणारे आणि पदकासाठी धरणारे यांच्यात ताण आहेच. सोलापुरात ही भांडणे लागली तर मी ती शुभ मानीन. कुठला वार धरायचा, कंबरेखाली मारायचे की नाही, ढाल आपटली तर दंड किती, यावर दोन तालमी हमरीतुमरीवर येण्यासाठी आधी त्यांच्यात लढत व्हायला हवी. गाद्या तालमीत आहेतच, वेत बाजारात मिळतो, आणि लेझमीने कमावलेले पाय तर या शहरात पेठेपेठेत आहेत. पहिली लढत गड्ड्याच्या यात्रेतच लावावी. बघायला माणसे गोळा करावी लागणार नाहीत.