देण्याघेण्याच्या वह्या जपणारं गाव

मेक्सिकोच्या दक्षिणेतल्या वाहाका शहरातून मितलाच्या रस्त्याला लागलं, की पंचवीस-तीस किलोमीटरवर डाव्या हाताला एक फाटा फुटतो. आत डोंगराच्या पायथ्याशी तेओतित्लान देल वाये हे पाच-सहा हजार वस्तीचं गाव आहे. राहणारे बहुतेक सगळे झापोतेक या मूलनिवासी समाजाचे. शाळेत आणि बाहेरच्यांशी व्यवहारात स्पॅनिश चालते. घरात आणि गावसभेत झापोतेक भाषा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंगणांत लोकरीचे गालिचे टांगलेले दिसतात. बहुतेक पर्यटक ते पाहतात, एखादा घेतात आणि तासाभरात मितलाच्या अवशेषांकडे निघून जातात. पण हे गाव तासाभरात कळणारं नाही. ते कशावर उभं आहे, ते घराघरांतल्या जुन्या वह्यांमध्ये लिहिलेलं असतं.

आधी मागाबद्दल. विणकाम इथे स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तेव्हा कमरेला बांधायच्या मागावर सुती कापड निघायचं. सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर मेंढ्या आल्या, लोकर आली आणि पायांनी चालवायचा माग आला. गावाने तो असा आत्मसात केला, की आसपासच्या मुलखाला घोंगड्या पुरवायचं काम त्याच्याकडेच आलं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पर्यटक वाढले आणि घोंगड्यांची जागा गालिच्यांनी घेतली. लोकर धुणं, पिंजणं, कातणं हे बायकांचं काम आणि माग पुरुषांचा, अशी जुनी वाटणी होती. आता बायकाही मागावर बसतात आणि त्यांनी स्वतःच्या सहकारी संस्था उभ्या केल्या आहेत.

रंगाचं काम तर समोर बसून पाहावं. फड्या निवडुंगाच्या पानांवर पांढऱ्या भुकटीखाली कोचिनील नावाचा किडा वाढतो. वाळला की तो राखाडी, कणीएवढा दिसतो. विणकर त्यातले दोन-चार तळहातावर घेऊन अंगठ्याने चिरडतो आणि तळवा गर्द किरमिजी होतो. त्यावर लिंबू पिळलं की तोच रंग डोळ्यांदेखत शेंदरी होतो आणि चुन्याची निवळी घातली की जांभळ्याकडे झुकतो. अर्धा किलो रंगाला 70,000 च्या आसपास किडे लागतात. स्पॅनिश राजवटीत वाहाकाचा हा रंग युरोपात जायचा आणि मेक्सिकोच्या निर्यातीत मोलाने चांदीच्या खालोखाल होता. निळा रंग निळीचा, पिवळा पेरिकोन नावाच्या रानझेंडूचा, तपकिरी अक्रोडाच्या सालीचा.

आता त्या वह्या. घरात लग्न, बाप्तिस्मा किंवा संताचा उत्सव निघाला, की शेकडो पानं उठतात आणि जेवणावळी कित्येक दिवस चालतात. एकट्या विणकराला हे झेपणारं नसतं. मग नातेवाईक, शेजारी, मुलांचे धर्मपिता आणि धर्ममाता टर्की, मका, कोको, अंडी, बिअरचे खोके घेऊन येतात. घरचं कोणीतरी वही घेऊन बसतं आणि कोणी काय आणलं, किती आणलं, कोणत्या तारखेला आणलं हे लिहून ठेवतं. टर्की असेल तर तिचं वजनही लिहितात. आपल्याकडच्या आहेराच्या यादीशी याचं नातं चटकन जाणवतं, पण इथला नियम जास्त काटेकोर आहे. समोरच्याच्या घरी कार्य निघालं, की तेवढ्याच वजनाची टर्की परत गेली पाहिजे. मुलगा लहान असतानाच आईबाप चार घरी टर्की देऊन ठेवतात, म्हणजे त्याच्या लग्नाच्या वेळी त्या दारात येतील. या रिवाजाला गेलागेत्सा म्हणतात. याच नावाने वाहाका शहरात जुलै महिन्यात नृत्यांचा मोठा सोहळा भरतो आणि तोच जगाला जास्त ठाऊक आहे.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ लिन स्टीफन यांनी या वह्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. हे देणं माणसाबरोबर बुडत नाही, हेही त्यांनी नोंदवलं आहे. आईबाप गेले, की वहीतली बाकी मुलांकडे येते आणि मुलं ती फेडतात.

हे लक्षात ठेवून 1 आणि 2 नोव्हेंबरचा मृतांचा सण पाहिला, तर त्याचा अर्थ नीट उलगडतो. प्रत्येक घरात देवघराची खोली असते. पाहुणा आला तरी आधी तिथे जाऊन हात जोडतो, मग घरच्यांना भेटतो. सणाला त्या खोलीत पाव, फळं, चॉकलेट, मेस्काल नावाची दारू मांडतात, मेणबत्त्या लावतात आणि कोपालचा धूप घालतात. सगळीकडे झेंडू असतो. हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. आपल्या दसऱ्याच्या तोरणातलं फूल तिथूनच जगभर गेलं. गेलेली माणसं एका दिवसासाठी घरी येतात, अशी इथली श्रद्धा आहे. ज्यांनी आपल्याला वाढवलं त्यांना वर्षातून एकदा जेवू घालणं, हेही परतफेडीतच मोडतं.

या सगळ्या कार्यांचा भार स्वयंपाकघर उचलतं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, धुवायचा आणि मेताते नावाच्या दगडी पाट्यावर गुडघे टेकून वाटायचा. मितलाजवळच्या गिला नाकित्झ गुहेत सापडलेली मक्याची कणसं सहा हजार वर्षांहून जुनी आहेत, म्हणजे या खोऱ्याची मक्याशी ओळख किती जुनी आहे ते कळतं. गावातल्या अबिगैल मेंदोसा आणि त्यांच्या बहिणींनी हाच घरचा स्वयंपाक आपल्या खानावळीतून बाहेरच्या जगापर्यंत नेला.

गावाचा कारभारही याच देण्याघेण्याच्या वृत्तीने चालतो. वाहाका राज्यात 570 नगरपालिका आहेत आणि त्यांतल्या 400 हून जास्त ठिकाणी पक्षांच्या निवडणुकांऐवजी परंपरेनुसार गावसभा पदाधिकारी नेमते. तेओतित्लान त्यांपैकीच एक. पाणी, शाळा, चर्च यांच्या समित्यांवर माणसं बिनपगारी काम करतात. रस्ता किंवा पाट दुरुस्त करायचा, तर तेकियो म्हणजे श्रमदान असतं. 1942 ते 1964 या काळात मेक्सिकन मजुरांना अमेरिकेत नेणाऱ्या ब्रासेरो योजनेतून इथले बरेच पुरुष गेले. आज कॅलिफोर्नियात त्यांच्या वस्त्या आहेत. तरी गावाने नाव पुकारलं, की परतायचं किंवा आपल्या बदली कोणाला तरी पैसे देऊन काम करून घ्यायचं. पिसांच्या मुकुटांचं दान्सा दे ला प्लुमा हे नृत्य करणारे तरुणही तीन वर्षांचा नवस बोलून त्यात उतरतात. जुलैच्या सुरुवातीला चर्चच्या पटांगणात ते पाहायला मिळतं. त्या चर्चच्या भिंतींत जुन्या झापोतेक मंदिराचे कोरीव दगड बसवलेले आहेत. तेही शोधून पाहावेत.

भारतीय वाचकाने आणखी एक गोष्ट जाणून घ्यायला हवी. झापोतेक गालिच्यांना अमेरिकेत मागणी वाढली, तेव्हा काही व्यापाऱ्यांनी तीच नक्षी भारतातल्या मागांवर स्वस्तात विणून घेतली आणि अमेरिकेच्या बाजारात उतरवली. आपल्या विणकरांना काम मिळालं, पण ज्या गावाची ती नक्षी, त्याच्या हातचं गिऱ्हाईक गेलं. या गावात गालिच्याच्या पैशावर घर चालतंच, शिवाय लग्नकार्य, उत्सव आणि वहीतली परतफेडही त्याच पैशावर होते.

म्हणून वाहाकाला गेलात, तर रविवारी त्लाकोलुलाचा आठवडी बाजार करा आणि दुसरा एक अख्खा दिवस तेओतित्लानला द्या. ज्या घरात माग चालू दिसतो, तिथेच गालिचा घ्या. रंग कशाचा, विणायला किती दिवस लागले, हे विचारा. विणकर आनंदाने सांगतात. आणि मग किमतीत घासाघीस करू नका.