दगड धरतो, शेवाळ खाते

हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करायला प्रचंड दाब आणि चारशे-पाचशे अंश तापमान लागते. जर्मनीतल्या ओपाऊ इथे 1913 मध्ये हा उद्योग सुरू झाला. गंमत अशी, की हाच अमोनिया खत कारखान्याच्या सांडपाण्यात उतरला, की त्यातला नायट्रोजन पुन्हा हवेत सोडायला आपण आणखी वीज जाळतो. त्याची पहिली पायरी म्हणून एक ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट करायला जिवाणूंना साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले (ईटीपी) हवा फुंकणारे ब्लोअर रात्रंदिवस घरघरतात. निव्वळ द्राविडी प्राणायाम!

क्लोरेलासारखे शेवाळ पाण्यात अमोनियाचे झालेले अमोनियम थेट खाऊन त्याची प्रथिने करते, वर ऑक्सिजनही देते. शहरी सांडपाणी शेवाळाने शुद्ध करण्याचा प्रयोग कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी 1950च्या दशकातच उथळ तळ्यांत केला होता. कारखान्याचे पाणी मात्र जहाल असते. भर उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, तसा सामू चढतो. तो सव्वानऊच्या आसपास गेला, की जवळपास निम्म्या अमोनियमचा मुक्त अमोनिया होतो आणि शेवाळाचे प्रकाशसंश्लेषणच गुदमरते. काही अमोनिया हवेत उडतो. कागदावर प्रदूषण घटलेले दिसते, एवढेच.

इथे झिओलाइट हे खनिज कामाला येते. त्याच्या सूक्ष्म पोकळ्यांत सोडियम, कॅल्शियम बसलेले असतात; अमोनियम आले, की ते जागा सोडतात. क्लिनोप्टिलोलाइट या झिओलाइटला तर अमोनियमची विशेष ओढ. पाण्यात एकदम लोंढा आला तर दगड तो धरून ठेवतो, आणि शेवाळ पाण्यातले अमोनियम संपवत जाईल तसा हळूहळू सोडतो. एरवी हे खनिज पुन्हा वापरायचे तर मिठाच्या पाण्याने धुवावे लागते. इथे ते काम बरेचसे शेवाळच करते. शिवाय काही मायक्रॉनच्या पेशी पाण्यातून गाळणे हे महाकठीण काम. दगडाच्या कणांना चिकटल्या, की त्या लवकर तळाशी बसतात. तो गाळ शेतात जाऊ शकतो, पण क्रोमियम, शिसे असलेल्या पाण्यातला असेल तर मुळीच नाही, कारण धातूही त्यातच अडकतात.

आपल्या काळ्या कातळात झिओलाइटची कमतरता नाही. पुणे-नाशिककडच्या खाणींतले गुलाबीसर स्टिल्बाइट जगभरचे संग्राहक विकत घेतात; इथे सापडणारे ह्युलँडाइट तर रचनेने क्लिनोप्टिलोलाइटचे सख्खे भावंडच. म्हणून साखरपट्ट्यातल्या आसवन्यांना दगड-शेवाळाची ही जोडी लगेच लागू पडेल असे मात्र नाही. त्यांच्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंटवॉशमध्ये, पोटॅशियम मुबलक असते आणि क्लिनोप्टिलोलाइटला ते अमोनियमपेक्षाही प्रिय, त्यामुळे पोकळ्या तेच बळकावते. त्यात पाण्याचा रंग काळपट, उजेड आत शिरत नाही. आधी पाणी बरेच पातळ करावे लागते, आणि त्यासाठी लागणारे पाणी उन्हाळ्यात आणायचे कुठून, हा प्रश्न उरतोच.