उणे वीस अंशांतले अंगठे

रेडिओच्या लहरींवर चालणारी लहान विमाने उडविणाऱ्या हौशी लोकांचे आमचे मिनिआपोलिसच्या परिसरातील मंडळ 2024 सालच्या वार्षिक सभेत एकदाचे सुज्ञ झाले, आणि नववर्षदिनाचे उड्डाण यापुढे गोठलेल्या सरोवरावर न करता एका शाळेच्या बंदिस्त, तापविलेल्या व्यायामशाळेत करण्याचा ठराव त्याने बहुमताने मंजूर केला. ठरावाच्या समर्थनार्थ दप्तरात नोंदलेले कारण असे, की थंडीत सभासदांचे हात गारठतात. त्या आधीचा, म्हणजे 2023-24चा हिवाळा मिनेसोटा राज्याच्या हवामान-नोंदींतील सर्वांत उबदार हिवाळा ठरला होता, सरोवरावरील बर्फ भरवशाइतका जाडच झाला नव्हता, आणि त्यापायी आमचे उड्डाण तहकूब करावे लागले होते. थंडी जोवर खरी होती तोवर तिच्याविरुद्ध एकही लेखी तक्रार आली नाही. ती पातळ झाल्यावर मात्र हात गारठू लागले. असो.

या छंदाच्या आरंभी हातांचा प्रश्न मुळी नव्हताच. 1937 साली मिशिगनमधल्या कॅलमझू येथे वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचे विमान रेडिओने उडविले (ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे), त्या काळी व त्यानंतरही पुष्कळ वर्षे आज्ञा द्यायची ती एका बटणाने. बटण काय, मेंढीच्या कातड्याच्या जाड मोज्यातूनही दाबता येते. पुढे साठाच्या दशकात प्रमाणबद्ध नियंत्रण आले, हातातल्या ट्रान्समिटरची स्टिक जेवढी हलवावी तेवढेच सुकाणू हलू लागले, आणि अंगठ्याच्या कातडीला स्टिकच्या टोकाचा साक्षात स्पर्श असल्याखेरीज विमान नीट उडेनासे झाले. यंत्र जसजसे सूक्ष्म होत गेले तसतसा माणूस उघडा पडत गेला. सत्तरच्या दशकात मी या देशी आलो. त्या वर्षांत नोकरी, घराचे हप्ते आणि मोटारीची दुरुस्ती यांपलीकडे सांगण्यासारखे काही घडले नाही.

ऐंशीचे दशक मात्र आमचे होते. शनिवारी सकाळी सरोवराच्या काठी मोटारी उभ्या राहत, विमानांची चाके काढून त्यांच्या जागी पातळ प्लायवुडच्या स्की बसविल्या जात, आणि जून महिन्यात जे विमान हिरवळीवरून कष्टाने उठे तेच या बर्फावरून दहा-बारा हातांत अलगद उचलले जाई; कारण उन्हाळ्यातल्या तीस अंशांच्या मानाने उणे वीस अंशांची हवा सुमारे 20 टक्के अधिक दाट असते, आणि दाट हवेत पंखही बळकट होतात, पंखाही. केवळ निडल व्हॉल्व्ह थोडा अधिक उघडून इंजिनाला जास्त इंधन पाजावे लागे, आणि नेमके तिथेच हातांचे मरण होते. आमचे इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात एरंडेल आणि थोडे नायट्रोमिथेन. ते बोटांवर सांडले, आणि ते सांडल्यावाचून राहत नसे, की उडून जाताना बोटांतली उरलीसुरली ऊब घेऊन जाई. थंडीने घट्ट झालेल्या एरंडेलामुळे इंजिन सुरू व्हायलाही वेळ लागे. पंख धडाला बांधायचे रबरी पट्टे ताठरून ऐन वेळी तुटत. म्हणजे विमान जमिनीवरून उठण्याआधीच वैमानिकाची बोटे खर्ची पडलेली असत. त्यानंतर आकाशाकडे तोंड करून, वाऱ्यात, एका जागी आठ-दहा मिनिटे उभे राहायचे, आणि त्या अवधीत हात खिशात घालण्याची सवलत नाही. उणे दहा अंशांत ताशी तीस किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या कातडीच्या लेखी ती उणे वीसच असते.

हातमोज्यांचा उपाय सर्वांना सुचतो, म्हणून त्यावर मी अधिक लिहीत नाही. टपालाने माल पाठविणारे विक्रेते त्या काळी बोटांची टोके कापलेले मोजे ‘खास वैमानिकांसाठी’ म्हणून विकत, आणि जो अवयव झाकायला हवा तेवढाच उघडा ठेवणाऱ्या त्या वस्तूचे पैसे आमच्यापैकी बहुतेकांनी निमूटपणे भरले. बोटांचे तापमान पंधरा अंशांखाली गेले की त्यांची चपळता जाऊ लागते आणि आठांच्या जवळ आले की स्पर्श. मग अंगठा स्टिकवर आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून ठरवावे लागते, आणि डोळे तर विमानावर हवेत. शिवाय बोटे हलविणारे स्नायू बोटांत नसून कोपराखाली असतात, आणि शरीर थंडावले की ते सर्वांत आधी हातापायांचा रक्तपुरवठा आखडता घेते. म्हणून लोकरीची कानटोपी आणि मनगटापासून कोपरापर्यंत चढविलेली जाड बाही यांनी अंगठ्याचे जे हित होते ते मोज्याने होत नाही. हे मी त्या काळी मंडळात पुनःपुन्हा सांगितले. तेथे उघड्या हातांनी उडविणे हे पौरुषाचे लक्षण मानणारा एक बलवान पक्ष होता, त्याचे अग्रणी एक निवृत्त गृहस्थ होते, आणि त्यांची विमाने उतरत नसत, आदळत.

खुद्द मिनिआपोलिसात अॅलॅडिन लॅबोरेटरीजने बनविलेली ‘जॉन-ई’ ही खिशातली शेगडी पुष्कळांजवळ असे: लायटरचे इंधन, प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर ज्वाळेवाचून जळणारे, आणि कोटाला दिवसभर येणारा तिचा तो वास. दोन उड्डाणांच्या मध्ये ती उत्तम, उड्डाण चालू असताना निरुपयोगी. पुढे लोखंडाचा कीस, मीठ आणि कोळशाची पूड भरलेल्या जपानी पद्धतीच्या पुड्या आल्या. हवा लागली की लोखंड गंजू लागते आणि गंजताना तापते. या पुडीला घर मिळाले ते ट्रान्समिटरच्या पिशवीत.

ही पिशवी म्हणजे माझ्या मते या छंदाने थंडीवर मिळविलेला एकमेव खरा विजय. दोन्ही बाजूंना बाह्या, वर पारदर्शक झरोका, आत ट्रान्समिटर आणि उघडे हात. आमच्या घरातली पिशवी जुन्या गोधडीची होती. “अहो, तुमचं ते यंत्र आधी इथं टेबलावर ठेवा, माप घेते,” असे म्हणून सौभाग्यवतींनी ती एका रविवारी शिवली, झरोक्यासाठी जेवणाच्या टेबलावरचे प्लास्टिक कापले, आणि हातभराहून लांब निघणाऱ्या एरियलसाठी वर पितळी कडे ठोकून भोक ठेवले. प्लास्टिक गारठून कडक होई व कोपऱ्यांवर चिरे, आतून वाफ धरे, हे दोष होतेच. पण बाहेर उणे वीस असताना अंगठा आतल्या उबेत, नागडा, स्टिकवर असे. मंडळात प्रथम हशा झाला. मग तशाच पिशव्यांची मागणी आली, घरातल्या गोधड्या संपल्या, आणि वर उल्लेखिलेल्या त्या निवृत्त गृहस्थांनी दोन वर्षांनी कारखान्यात बनविलेली एक पिशवी विकत आणून ही कल्पना आपण पूर्वीपासून मांडत आलो असल्याचे सर्वांना सांगितले. त्यांनी हे सांगितले तेव्हा विरोध करण्याजोगी शक्ती माझ्यात होती; शिष्टाचार आड आला.

त्या दिवसांत 72 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एका फ्रीक्वेन्सीवर एका वेळी एकानेच उडवायचे असे, दुसऱ्याने ट्रान्समिटर नुसता चालू केला तरी पहिल्याचे विमान कोसळे. म्हणून एका फळ्यावर कपड्यांचे चिमटे लावलेले असत, आणि आपल्या क्रमांकाचा चिमटा हाती आल्याखेरीज कोणी स्विचला हात लावीत नसे. चिमट्याची वाट पाहत चारचार जण एका व्हॅनच्या हीटरपुढे हात धरून बसत. तेथे इंजिनांवर वाद होत, मुलांच्या शाळांची चौकशी होई, आणि वरणफोडणीचा वास माझ्या डब्यातून आला की स्वीडिश आडनावांचे लोक झाकण उघडण्याची वाट पाहत. 2005-06च्या सुमारास 2.4 गिगाहर्ट्झचे रेडिओ आले, ते आपली जागा आपणच शोधतात, आणि फळा काढून टाकण्यात आला. आता कोणाला कोणाची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक जण आपापल्या मोटारीत हात शेकतो.

नंतरच्या सुधारणांविषयी मी कृतघ्न नाही. विजेच्या मोटरींनी मिथेनॉलपासून बोटांची सुटका केली. लिथियमच्या बॅटऱ्या थंडीत मान टाकतात, पण त्या कोटाच्या आतल्या खिशात उड्डाणाच्या क्षणापर्यंत जपता येतात. एरियल इवलेसे झाले. मोज्यांत आणि पिशव्यांत आता विजेच्या तारा असतात. 16 मार्च 2024पासून विमानाने हवेत आपली ओळख आपणच प्रक्षेपित करावी, हा केंद्र सरकारचा नियमही अमलात आला आहे, आणि मंजूर क्षेत्राबाहेरच्या सरोवरावर अडीचशे ग्रॅमांहून जड विमान न्यायचे तर त्यासाठीचे उपकरण बसवावे लागते. व्यायामशाळेत त्याची गरज नाही. तेथे काही ग्रॅम वजनाची फोमची विमाने बास्केटबॉलच्या कड्याभोवती घिरट्या घालतात, आणि अंगठ्यांना घाम येतो.

2025च्या जानेवारीत काही दिवस जुन्या मोलाची थंडी पडली. ड्रिलने भोके पाडून बर्फाची जाडी पाहिली, उपकरण बसविले, आणि मी व आणखी दोघे सभासद मंडळाला न विचारता सरोवरावर उडवून आलो. यासंबंधी आमच्याकडून लेखी खुलासा मागविण्यात येणार असल्याचे कानी आले आहे. खुलासा तयार आहे. त्याला चार परिशिष्टे जोडली असून पहिले त्या निवृत्त गृहस्थांविषयी आहे.